धुळबाचा गळ आणि सासऱ्याची शिकवण

एका गावात एक भोळा भोई होता. नाव धुळबा. भोई कसला, आज्यापासून घरात फुटाण्यांची भट्टी! मासा याला ठाऊक तो ताटातलाच. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात बायको भिवरा माहेरी गेली. हा तिला आणायला गेला, तर सासरा रानबा दारातच आडवा.

"जावाई, आमच्यात रीत आहे. गळ टाकून नदीतनं लागेल ते धरायचं आणि सासूच्या पुढ्यात आणून टाकायचं. तिनं खवले काढले की बायको न्यायची. नाही जमलं, तर लेक इथंच राहील."

"त्यात काय, मामा!" म्हणत धुळबा निघाला.

पहिल्या दिवशी त्यानं नुसता गळ पाण्यात सोडला. दिवसभर बसला. मासे येऊन बघून गेले.

सासरा म्हणाला, "अरे, माशाला आवडेल ते गळाला लावावं!"

"बरं मामा. उद्या तसंच करतो."

सकाळी भिवरा भाकरी थापत होती. यानं विचारलं, "माशाला सगळ्यात जास्त काय आवडतं गं?"

"पाणी," ती म्हणाली. तिचंही शिक्षण बेताचंच.

यानं सासूचा तांब्या काठोकाठ भरला, गळाला अडकवला आणि दिला नदीत सोडून. दोर तुटला. तांब्या तळाला.

सासरा तडकला, "गाढवा, गळाला जिवंत लावावं! वळवळणारं, फडफडणारं!"

"बरं मामा. उद्या तसंच करतो."

फडफडण्यात सासऱ्याच्या कोंबड्याचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. धुळबानं त्याचाच पाय दोराला बांधला. कोंबडा पाण्यात जाईना. उडाला तो पाटलाच्या लिंबावर. धुळबानं खालून हिसका दिला. दोर पुन्हा तुटला. कोंबडा वरच.

सासऱ्यानं कपाळावर हात मारला. "कोंबडा मरू दे! पण असा हिसका दिलास तर मासाही घालवशील. मोठं धूड लागलं की दोर ढिला सोडावा. दमू द्यावं. गप्प पडलं की बाहेर काढावं आणि लगेच जाळ्यात गुंडाळावं. नाहीतर उडी मारून परत नदीत!"

"बरं मामा. उद्या तसंच करतो."

चौथ्या दिवशी सासरा स्वतःच संगं आला. शेवाळल्या धोंड्यावर उभा राहून म्हणाला, "बघ, गळ असा टाकावा," आणि घसरला. रानबा पट्टीचा पोहणारा, पण धोतर पायांत गुंडाळलं, वर गळ कासोट्यात रुतला. दोराचं टोक तेवढं धुळबाच्या हातात.

"ओढ रे! ओढ!"

धुळबानं दोर ढिला सोडला.

"अरे मेलो! ओढ की!"

"घाई नको, मामा. अजून धडपडताय." धुळबानं खिशातले फुटाणे काढले.

फुटाणे संपले तेव्हा मामा दमून गप्प पडले. मग यानं सावकाश ओढून काढलं, जाळ्यात गुंडाळलं, पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि गावातून मिरवत सासूच्या पुढ्यात आणून टाकलं.

"घ्या मामी. वजनाला चांगलं आहे."

जाळ्यातून शिव्या चालू होत्या. त्या लिहीत नाही, तुम्हाला येतातच.

सासूनं नवऱ्याकडं डोळे भरून पाहिलं. "भिवरे, बांध तुझं गाठोडं. बत्तीस वर्षांत हा माणूस मला असा धरता आला नाही. न्या जावाई, न्या हिला!"

"असं कसं, मामी? खवले राहिले की!" धुळबा म्हणाला. त्यानं विळी जवळ ओढली आणि मामांच्या मिशीपासून सुरुवात केली.