बाळटेकडीचा कान

आमच्या गावामागची बाळटेकडी सकाळच्या धुक्यात कुशीवर निजलेल्या पोरासारखी दिसते. तिच्या पायथ्याच्या झऱ्यावर सगळं गाव पाणी भरतं. तिथेच युरेनियम शोधायला एक छोटी, नवखी कंपनी आली आणि तिचे साहेब ग्रामसभेत परवानगी मागायला उभे राहिले.

"आमचा झरा बिघडला तर?" माझ्या शेजारच्या भिवराकाकूंनी विचारलं.

साहेब हसले. "काकू, मनगटाएवढं भोक पाडायचंय. सोनार बाळाचा कान टोचतो ना, तसंच समजा."

लोक माना डोलवू लागले. मला तर टेकडीच्या कानात सोन्याची बाळी डुलताना दिसायला लागली!

काकू पदर सावरत उठल्या. "कान टोचताना बाळ कुणाच्या मांडीवर असतं हो, साहेब?"

"मामाच्या."

"का बरं?"

"रडलं तर उगी करायला."

"हां! सोनार टोचतो नि निघून जातो. कान चिघळला तर घरचेच जागतात. म्हणून म्हणते, तुम्ही आमच्या टेकडीचे मामा व्हा. झऱ्याकाठी घर बांधून देतो. बायकापोरांना आणा, हेच पाणी प्या आणि मग खुशाल टोचा."

"अहो, माझी मुलं लहान आहेत, त्यांना इथं कसं..." साहेब बोलून गेले.

काकूंनी टेकडीकडे पाहिलं. "आमचंही लहानच आहे हो."

मग नकाराला सगळ्या सभेचे हात वर गेले. बाळटेकडी अजून धुक्यात निजते, बिनटोचल्या कानाची.