शेपटीचं टोक

रानात तबकड्या फिरायच्या आणि त्यांच्या गाण्यांवर सशांपासून साळिंदरांपर्यंत सगळे नाचायचे, तेव्हाची ही गोष्ट. एक गाणं संपायच्या आत सुतारपक्ष्यांची सुतारकाकू दुसरी तबकडी अशी सोडायची, की दोन्हींचे ठोके एकावर एक पडत आणि नाचणाऱ्यांचे पाय थांबतच नसत.

ते पाहून दोन पिल्लांच्या आईने, खारूताईने, शिकायला घेतलं. 'नसते उद्योग!' असं स्वतःलाच सुनावत ती रोज यायची. एका कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं ऐकायची, दुसऱ्या कानाने वाजत असलेलं. पण ठोके निसटले की घाबरून पंजा ठेवायची तो नेमका वाजत्या तबकडीवर. ससे धडपडायचे.

"अगं बाई, तिने तुझं काय घोडं मारलंय?" काकू म्हणायची. "तिच्यावर सगळे नाचतायत. हेडफोनातलीला आवर!"

साळिंदराच्या बारशादिवशी काकूचा पंख दुखावला. "आज तूच. नाच तुटला तर पुढच्या बारशाला बेडकांचा बँड बोलावतील, लक्षात ठेव."

खारूताईने नवी तबकडी सोडली, तसे तिचे ठोके वाजतीच्या पुढे पळू लागले. सवयीने पंजा वाजतीकडे गेला आणि हवेतच थांबला. मग तिने नवीच्या कडेला शेपटीचं टोक हळूच टेकवलं. ठक-ठक, ठक-ठक... ठक. दोन ठोक्यांचा एक ठोका झाला.

कुणी टाळी वाजवली नाही, कारण नाचायचं कुणी थांबलंच नाही. डोळे मिटून चोचीने ताल धरलेली काकू तेवढी दचकली.

"अगं, हे गाणं लागलं कधी?"