मोहदरीच्या फाटकावरची गिट्टी

उठा, उठा तिथून! गिट्टीवर बसू नका, बापा. टेकायचंच असेल तं त्या कडुनिंबाखाली टेका, सावली आहे, मुंग्याही नाहीत.

फोटो खुशाल काढा. शहरातून येणारे सारेच काढतात. ना रूळ, ना गाडी, अन् रानाच्या मधोमध माणसाच्या उंचीची ही काळ्या गिट्टीची रास. शेजारी दगडी हौद, काठोकाठ भरलेला, आणि त्यावर पाणी प्यायला एक ढोर नाही. कोणी म्हणतं इथं कोण्या साधूची समाधी आहे, कोणी म्हणतं ठेकेदाराचा माल पडून राहिला. समाधी नाही अन् मालही नाही. ही आमच्या गावाची लाज आहे. बाकीची गावं आपली लाज घरात झाकून ठेवतात, आम्ही ती वाटेवर मांडून ठेवली. मी शामराव गावंडे, मोहदरीचाच. आलेच आहात तं पुरतं ऐकून जा, अर्धं ऐकून गेलेले लोक भलतंच सांगत फिरतात.

असं सांगतात, की माझ्या आज्याच्याही आधी इथून पांगोळ खोऱ्याच्या कंपनीची लाइन जायची. रूळ अरुंद, डबे ठेंगणे. लोक तिला बारकी म्हणायचे. धामणजोडला दुसऱ्या कंपनीची रुंद लाइन होती, ती मोठी. बारकीला माणसांचा डबा नव्हताच. वर डोंगरात चुनखडीची खाण होती. गाडी रिकामी वर जायची अन् भरून खाली यायची. चुनखडी, सागाचे ओंडके, सुगीत कापसाच्या गठाणी. आमच्या गावातलं कोणी त्या गाडीत कधी बसलं नाही, पण दुपारी तिची शिट्टी झाली की बाया तव्यावर भाकर टाकत.

गाडीचा ड्रायव्हर होता पोचय्या. तेलंगणाकडचा माणूस. मराठी इथं येऊन शिकला, त्यामुळे बोलायचा आमच्यासारखंच, फक्त शब्द जरासे गोल करून. इथं फाटक होतं. फाटकाच्या पुढे तो चढ दिसतो ना, तिथून गाडी वर चढायची. इंजिनात पाणी भरायची टाकी पार वर, खाणीपाशी. म्हणून खालून निघताना जेवढं पाणी घेतलं तेवढ्यातच चढ मारावा लागे.

एक साल असं आलं की पांगोळ नदीतले झिरेही आटले. विहिरींत नुसता गाळ. लेकरं सुकून गेली. त्या दिवसांत पोचय्याने एका दुपारी फाटकावर गाडी उभी केली अन् इंजिनाच्या टाकीची तोटी उघडली. काय ती झुंबड! घागरी, गुंड, पातेली, जे हाती येईल ते घेऊन गाव धावलं. त्याचा फायरमन ओरडला म्हणे, "पोचय्या, चढावर पाणी संपलं तं बॉयलर फुटन! आपण दोघंबी जाऊ!"

पोचय्याने तोटी बंद केली नाही. तो म्हणाला, "लेकरू पहिले, इंजिन मागून."

मंग रोजच गाडी थांबायला लागली. गावाने हा हौद बांधला तो त्याच वेळी, पाणी सांडू नये म्हणून. अन् एक दिवस टाकीत थेंबही उरला नाही असं सांगतात. हौद भरला, घागरी भरल्या, इंजिन कोरडं. तरी ते चढ चढून गेलं. हे होत नसते, मला कळते, मीही काही दुधखुळा नाही. पण म्हातारे सांगत, की त्या दिवशी गावातल्या एकाही बाईने भरलेल्या घागरीला हात लावला नाही. लेकरं रडत होती, तरी नाही. वर पोचल्यावर पोचय्या लांब शिट्टी द्यायचा. ती शिट्टी ऐकू आली, तेव्हा कुठं लेकरांच्या तोंडी पाणी गेलं.

पाऊस आला, गाव वाचलं. तेव्हा सारे या फाटकावर जमले. दुसरीकडे लोक बेलभंडार उचलून शपथ घेतात. आमच्या पाटलाने, उकंडराव गावंड्याने, रुळाखालची गिट्टी उचलली आणि म्हणाला, "बारकी आमची. जिथं कोणी पुसन, तिथं सांगू, आमची." मागोमाग घरटी एकेका माणसाने गिट्टी उचलली, तेच शब्द बोलला, अन् ती गिट्टी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली. देवाला हळदकुंकू लागे, तसं तिलाही लागे.

उकंडराव म्हणजे माझ्या आज्याचा बाप. आता माझ्या तोंडाकडे पाहू नका, पुढे ऐका.

वर्षं गेली. मोठी कंपनी अजून मोठी झाली अन् तिने बारकी कंपनी आपल्यात घेतली. शिकलेले लोक त्याला विलीनीकरण म्हणतात. आमच्या म्हाताऱ्या म्हणत, बारकी मोठीच्या घरी नांदायला गेली, पण सासरी तिला बसायला पाटही मिळाला नाही. मोठीचं म्हणणं असं, की ज्या गावाला लाइन हवी असेल तिथली रुंद करू, ज्याला नको तिथले रूळ उपटू. अन् हे विचारायला साहेब स्वतः गावोगाव फिरणार होता.

साहेब यायच्या आदल्या दिवशी पोचय्या उकंडरावाच्या ओसरीवर आला. आता त्याचे केस पिकले होते. लाइन गेली तं त्याचं इंजिन भंगारात जाणार होतं, आणि इंजिनावाचून पोचय्याला घर ना दार. तो म्हणाला, "पाटील, उद्या साहेब पुसन. एक शब्द बोला. बाकीच्या गावाचं मले माहीत नाही, पण मोहदरी बोलते."

उकंडराव हसला. "हे काय सांगा लागते, पोचय्या? गिट्टी उचलली हाये आम्ही!"

त्याच संध्याकाळी धामणजोडच्या बाजारातून कोणीतरी वावडी आणली. म्हणे, जो 'आमची' म्हणेल त्याच्याच वावरातून रुंद लाइन जाणार. झालं! ओसरीओसरीवर कुजबुज सुरू झाली. उकंडरावाचं काळ्या मातीचं वावर रुळाला लागूनच होतं. त्या वावरात त्याचा जीव अडकला होता.

दुसऱ्या दिवशी सारं गाव फाटकावर हजर. साहेब खुर्चीवर, बाजूला मराठी बोलणारा बाबू. पोचय्या इंजिनापाशी उभा, डोक्यावर धुतलेला रुमाल बांधून, लग्नाला आल्यासारखा. बाबूने मोठ्याने विचारलं, "या लाइनीवर इथं कोणाचं काही आहे का?"

उकंडराव पुढे झाला. म्हणाला, "आमचं काही नाही, साहेब."

मंग दुसरा म्हणाला, आमचं काही नाही. तिसरा म्हणाला. शाळेत पोरं हजेरी देतात तसे एकामागून एक बोलत गेले. साहेब उठला, निघून गेला.

आता गावात काही लोक तुम्हाला वेगळं सांगतील. म्हणतील, आमच्या बोलीत 'आमचं काही नाही' म्हणजे आमची ना नाही. सोयरिकीत वरबाप नाही का म्हणत, तुम्ही ठरवा, आमचं काही नाही? तसंच ते बोलले, अन् बाबूने उलटं धरलं. ऐकायला गोड आहे हो. मीही लहानपणी हेच ऐकलं, हेच सांगत फिरलो. पण खोटं आहे ते. बाबूची चूक असती तं तिथंच कोणी ओरडलं असतं, अरे, आम्हाला लाइन पाहिजे! कोणी ओरडलं नाही. उकंडराव उत्तर देताना आपल्या वावराकडे पाहत होता. आपण काय बोलतो आहे ते त्याला ठाऊक होतं.

पोचय्याने डोक्यावरचा रुमाल सोडला. शिवी नाही, शाप नाही. शाप दिला असता तं बरं झालं असतं, फेडता तरी आला असता. ऐन पावसाळा होता, विहिरी तुडुंब, नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. तरी तो तोटीपाशी गेला आणि हौद भरायला लागला. फायरमन म्हणाला, "अरे, आता कोणाले पाणी?"

"मोहदरीले," पोचय्या म्हणाला. "उद्यापासून कोण देईन?"

हौद काठोकाठ भरला, अन् गाडी चढाला लागली. गाव तिथंच उभं राहिलं, वरची शिट्टी ऐकायला. सवयच ती. पण शिट्टी आली नाही. गाडी सुखरूप पोचली होती, काही झालं नव्हतं. त्याने शिट्टी दिली नाही, एवढंच. पुढे पोचय्या कुठं गेला ते कोणालाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उकंडरावाची बायको, सुभद्राबाई, देव्हाऱ्यासमोर बसली अन् तिला पूजा करवेना. शब्द मोडलेल्या घरात ती गिट्टी कशी ठेवायची? तिने ती पदराखाली झाकली, कोणी पाहू नये म्हणून मागच्या वाटेने फाटकावर आली. पाहते तं काय, गावातली बाईन् बाई तिथं! प्रत्येकीच्या पदराखाली गिट्टी. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. साऱ्यांनी आपापली गिट्टी इथं ठेवली आणि खाली मान घालून घरी गेल्या. ती ही रास.

रुंद लाइन कोणाच्याच वावरातून गेली नाही. रूळ उपटून नेले, वावरं होती तशीच राहिली. उकंडराव मात्र पुन्हा त्या वावरात उतरला नाही म्हणतात. धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत यायचा, उभा राहायचा, परत जायचा.

आजही मोहदरीत 'आमचं काही नाही' हे शब्द कोणी उच्चारत नाही. ग्रामसभेत हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, अंग काढून घेता येत नाही. आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरटी एक घागर येते अन् हा हौद भरला जातो. त्यातलं पाणी आम्ही पीत नाही, गुरांनाही पाजत नाही, ते इंजिनाचं आहे. अन् आजही गाव सोडून निघणारा माणूस, मंग तो पुण्याला नोकरीला जावो की लेक सासरी जावो, इथं एक दगड ठेवतो.

पण एक आहे. आमच्यातलं कोणी दगड ठेवताना बोलत नाही. बोलायचं तेव्हा बोललो नाही, आता कोण्या तोंडाने बोलावं? ते परक्या माणसाने बोलायचं असते, आमच्या बदली. म्हणून तं तुम्हाला थांबवलं.

घ्या, ही गिट्टी घ्या. ठेवा त्या राशीवर. अन् म्हणा, 'आमची आहे.'

असं पुटपुटू नका, बापा. जोरात म्हणा, चढापर्यंत ऐकू जाऊ द्या.