बिअरच्या पाण्यातली टर्की

"फक्त बिअर कुठली घालायची तेवढं सांगा, ब्रदर. बाकी सगळं मला येतं."

ब्रदर पास्कोल बाकावर बसून ऐकत होते. डोंगरावरच्या त्या मठाचं स्वयंपाकघर ते तरुणपणापासून सांभाळत आले होते. समोर उभा असलेला सिल्वेस्टर तुस्कानो जहाजावर मुख्य खानसामा होता. बाकी सगळं येणारी माणसं शिकायला कशाला येतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

सिल्वेस्टरने पिसं काढून साफ केलेली टर्की ओट्यावर ठेवली. शेजारी बिअरच्या बाटल्या मांडल्या, काळ्या आणि सोनेरी.

"मीठ, गूळ, मिरी, तमालपत्र. पाणी उकळून गार करतो. मग बिअर, मग टर्की. रात्रभर मुरवतो. चुकतं कुठे?"

"कोण म्हणतं चुकतं?"

सिल्वेस्टरची मान खाली गेली.

"बाबा... आई गेल्यापासून ते जेवतच नाहीत. नुसतं पाणी घेतात. नाताळला तिच्यासारखी टर्की खाईन म्हणाले. मी परवा करून पाहिली. त्यांनी वास घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. हे तिचं नाही, म्हणाले."

"उद्या नाताळ."

"हो. उद्याही नाही खाल्लं तर... डॉक्टरांनी हात टेकलेत, ब्रदर."

"तुझी आई लग्नाआधी याच स्वयंपाकघरात शिकली."

"म्हणून तर आलो. ती काय वेगळं घालायची?"

"काही नाही. तू घालतोस तेच."

ब्रदर उठले. कोपऱ्यातल्या रांजणात मसाल्याचं मिठाचं पाणी गार होऊन तयार होतं. रांजण जेमतेम गुडघ्याएवढा. त्यांनी हाताला लागली ती बाटली फोडून ओतली, मग दुसरी. कुठली, ते पाहिलंसुद्धा नाही. फेस चरचरत वर आला.

"टर्की सोड."

सिल्वेस्टरने सोडली. ती बुडाली आणि लगेच वर आली.

"ही तरंगते. तू काय करतोस?"

"वर दगड ठेवतो. धुऊन घेतलेला."

"तुझी आई हाताने दाबून धरायची."

"रात्रभर?"

"वर यायची थांबेपर्यंत."

सिल्वेस्टर हसला. "तरंगणारी वस्तू तरंगणारच, ब्रदर. थांबेल कशी?"

"धरून बघ."

त्याने बाही वर केली आणि टर्की पाण्याखाली दाबली. ती तळव्याला रेटत होती. त्याने जोर लावला, तिनेही लावला. मेलेला पक्षी एवढा जोर कुठून आणतो, असा विचार त्याच्या मनात आला असावा, कारण त्याचं हसू मावळलं.

मागच्या अंगणात टर्क्यांचा गलका चालला होता. तो एकदम थांबला.

"सैल पडली..." सिल्वेस्टर म्हणाला.

"धरून ठेव."

त्याचा हात कोपरापर्यंत गेला. मग दंडापर्यंत. मग खांदा पाण्याला टेकला.

"ब्रदर, तळ लागत नाही."

ब्रदर एक पाऊल जवळ आले.

"टर्कीही लागत नाही हाताला! कुठे गेली?"

"हात काढू नकोस."

फेस विरला होता. पाणी काळंभोर आणि स्तब्ध. सिल्वेस्टरचा गाल त्या पाण्याला लागत होता आणि डोळे ब्रदरांवर खिळले होते. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

तो ओरडला. हात हिसडून मागे पडला, भिंतीवर आदळला. पाणी जमिनीभर सांडलं. रांजणात टर्की पुन्हा वर आली आणि संथ डुलत राहिली.



"कुणीतरी... माझी बोटं धरली."

"हं."

"पाणी बर्फासारखं गार, आणि तो हात उबदार होता. कापलेल्या कांद्यासारखा किंचित चिकट. करंगळी आत वळलेली." त्याचा आवाज फुटला. "आईचा हात होता, ब्रदर! तिचाच होता. लहानपणी बाजारात धरायची तसा घट्ट धरला होता..."

तो जमिनीवर बसून हमसाहमशी रडू लागला. अंगणात पक्षी पुन्हा कलकलू लागले.

ब्रदर पास्कोलांनी फडक्याने रांजणाचा काठ पुसला.

"मग सोडलास कशाला?"