धुक्यातली शीवफेरी

एकदा एक वृद्ध इंग्लंडातल्या अशा खेड्यात राहत असे, जिथे धुके इतके दाट पडे की गायी हंबरून एकमेकींना पत्ता विचारत. गावच्या शिवेचे सारे दगड त्याला मुखोद्गत होते. वर्षातून एकदा गावकरी छड्या घेऊन शीव चालत आणि प्रत्येक दगडावर छडी मारत. शेवटच्या दगडापाशी शेजारचे गाव कान लावून बसे. दुपारपर्यंत तिथे बारा छड्या वाजल्या नाहीत, तर नदीकाठचे कुरण त्यांचे होई.

त्या वर्षी नेमके बारा जण जमले. बारावा होता समुद्रापलीकडून आलेला विणकर.

वृद्धाचा शिष्य म्हणाला, "गुरुजी, हा नको. शीव इंग्रजांची. हा काल बोटीतून उतरला."

"मग बारावी छडी?"

"मी दोनदा मारीन. धुक्यात कोण बघतंय?"

वृद्ध हसला. "बरं. बोटीतून आलेल्यांनी थांबावं." आणि पहिल्या दगडावर स्वतःच बसला. "आमचे पूर्वज डेन. लुटायला आले, लोणी आवडलं, राहिले."

विणकर त्याच्याशेजारी थांबला. बाकीचे पुढे निघाले. दुसऱ्या दगडाशी लोहार बसला. "आम्ही नॉर्मन. बोट मोठी होती, पण बोटच." तिसऱ्याशी गिरणीवाली बाई म्हणाली, "आम्ही सॅक्सन, म्हणजे बोटीतलेच. जा बाबा तू." धुके एकेकाला गिळत गेले.

शेवटच्या दगडाशी शिष्य एकटाच पोचला. बारा वेळा मारायला त्याने हात उचलला, आणि त्याला आजीचे बोलणे आठवले: आपली माणसे अँगल टोळीची, समुद्र ओलांडताना वल्ही मारून त्यांचे तळवे सोलले होते. दगडावर न मारताच हात खाली आला.

तो धावत परतला. "गुरुजी, मग इंग्रज कोण?"

"बाळा, बोटीतून उतरताना कुणीच इंग्रज नसतो. सगळ्यांबरोबर शीव चालता चालता होतो. माझ्या पूर्वजाच्या हातीही कुणीतरी पहिली छडी दिली असेल. देणारा विसरला गेला, म्हणून मी स्वतःला इथलाच समजतो."

शिष्याने आपली छडी विणकराच्या हाती दिली आणि स्वतःसाठी झाडाची फांदी मोडून घेतली. वाटेत बसलेल्यांना उठवत दोघे वृद्धामागून निघाले.

दुपार होता होता शेवटच्या दगडावर बारा छड्या वाजल्या. त्यातली विणकराची कुठली, हे पलीकडे कान लावून बसलेल्यांना सांगता आले नाही. शिष्यालाही नाही.