पाठीमागची जागा

त्या मुलखात दुखणं सगळ्यांना सारखंच होई, पण ते सांगायची भाषा मात्र एक नव्हती. औषधं ठाऊक होती ती एका म्हाताऱ्या करकोच्याला; सगळे त्याला वैद्यबुवा म्हणत. तो तळ्याकाठी राहायचा आणि पाणथळीची भाषा बोलायचा. आजारी पडत ते बहुतेक डोंगरावरचे, आणि त्यांना पाणथळीचं ओ की ठो कळत नसे. मग मध्ये लागायची साळुंकी.

साळूबाईला दोन्ही भाषा येत, आणि गोड बोलणं तर तिच्या अंगातच होतं. कुणी आजारी आलं की ती त्याच्या अगदी पुढ्यात बसे, डोळ्याला डोळा देई आणि वैद्यबुवांचं म्हणणं असं काही समजावून सांगे की अर्धं दुखणं तिथंच पळे. बातमी कडू असली तर ती वर थोडी साखर पेरी. आजाऱ्याचं रडगाणं लांबलं तर त्यातलं कामापुरतं तेवढंच वैद्यबुवांच्या कानावर घाली. आता बोला, यात वाईट काय होतं? जाताना कुणी तिला बोरं देई, कुणी करवंदं. वैद्यबुवांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. बिचारा करकोचा एका पायावर उभा राहून पाण्याकडे बघत बसे.

डोंगरावरची एक अस्वलीण उन्हाळा लागल्यापासून त्याच्याकडे येत होती. तिच्या पोटात गाठ होती. वैद्यबुवांनी पहिल्याच भेटीत मान खाली घालून सांगितलं, "ही गाठ विरायची नाही. पाल्यानं कळा कमी होतील, एवढंच. पुढचा उन्हाळा बाईंना दिसणार नाही."

साळूबाईच्या काळजात चर्र झालं. ती अस्वलिणीला म्हणाली, "वैद्यबुवा म्हणतायत, पाला नेमानं घ्या, हळूहळू उतार पडेल."

"मी यातून उठणार ना गं?" अस्वलिणीनं विचारलं. "घाटापलीकडे लेक दिलीय. बरी झाले की जाऊन भेटेन म्हणते."

साळूबाईनं वैद्यबुवांना सांगितलं, "पाला कधी कधी घ्यायचा, ते विचारतेय."

तेव्हापासून अस्वलीण पाला खात होती आणि बरं वाटायची वाट बघत होती. वैद्यबुवांना वाटे, काय घट्ट मनाची बाई आहे ही, मरणाबद्दल चकार शब्द काढत नाही! अस्वलिणीला वाटे, वैद्यबुवा इतके निवांत आहेत, म्हणजे काळजीचं कारण नाही. आणि इकडे नदीला पाणी चढायचे दिवस जवळ येत होते. एकदा पाणी चढलं की घाटाची वाट थंडी पडेपर्यंत बंद.

अशात तळ्याकाठच्या सावरीच्या झाडावर दुभाष्या पाखरांनी आपला संघ उभा केला. वैद्यबुवांनीही जाहीर केलं, की यापुढे संघातलंच पाखरू आपल्या दारात बसेल. साळूबाई मनाशी हसली. तिच्याइतकं दोन्ही भाषांचं पाणी प्यालेलं होतं कोण तिथं? ती ऐटीत सावरीवर गेली आणि संघाचा म्होरक्या, मोठ्या चोचीचा धनेश, याच्यासमोर आतड्यापासून टाळूपर्यंत सगळ्या अवयवांची नावं दोन्ही भाषांत घडाघडा म्हणून मोकळी झाली.

धनेशानं शांतपणे ऐकून घेतलं. "छान. उद्या तुमचं काम इथूनच बघतो नि ऐकतो. आमची रीत तेवढी ऐकून ठेवा. दुभाष्यानं आजाऱ्याच्या पाठीमागे बसायचं. जो बोलेल त्याच्याच तोंडानं बोलायचं, तो 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. आणि तिथं जो जो शब्द निघेल, तो दोघांनाही कळला पाहिजे."

"पाठीमागे? अहो, मग आजाऱ्याला मी दिसणार कशी?"

"नाहीच दिसणार," धनेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नेमकी अस्वलीणच आली. हातात करवंदांचा द्रोण होता. "साळू, अगं, कुठं दडलीस?" म्हणत तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग ती वैद्यबुवांसमोर टेकली.

साळूबाई तिच्या मागे दगडावर बसली होती. इतके दिवस तिनं अस्वलिणीचं तोंडच पाहिलं होतं, हसरं, आशेनं भरलेलं. पाठ आज पहिल्यांदा दिसली. केस झडले होते आणि मणके वर आले होते. साळूबाईला ते बघवेना.

"वैद्यबुवा, पाला संपत आला," अस्वलीण म्हणाली. "आता तरी सांगा, मी यातून उठणार ना? लेकीकडे आत्ताच जाऊ, की बरी होईपर्यंत थांबू?"

पाला संपत आलाय, एवढंच सांगून भागलं असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते. साळूबाईनं ते गिळले.

"वैद्यबुवा, पाला संपत आला. आता तरी सांगा, मी यातून उठणार ना?" ती पाणथळीच्या भाषेत म्हणाली. "लेकीकडे आत्ताच जाऊ, की बरी होईपर्यंत थांबू?"

करकोच्यानं वर घेतलेला पाय खाली टेकला. त्यानं अस्वलिणीकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"नाही, बाई. उठणार नाही तुम्ही. पण हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

साळूबाईनं तेही सांगितलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

अस्वलिणीनं मान मागे वळवली.

"साळू, तू माझे दिवस खाल्लेस."

वैद्यबुवांना डोंगरची भाषा कळत नव्हती. ते साळूबाईकडे बघत राहिले. तिला भुईत गडप व्हावंसं वाटलं. ती करकोच्याकडे वळली आणि पाणथळीच्या भाषेत म्हणाली, "साळू, तू माझे दिवस खाल्लेस."

तिला पाया पडायचं होतं, रडायचं होतं. पण मग सगळे पुन्हा तिचीच समजूत काढत बसले असते. ती दगडावरच बसून पुढच्या शब्दाची वाट बघू लागली.

"नदी चढायला थोडा अवकाश आहे," अखेर वैद्यबुवा म्हणाले. "आजच निघालात तर पोचाल. कळांसाठी पाला बांधून देतो."

"चढावर दम लागला तर?"

"बसायचं. सावलीत बसायचं, पाला चघळायचा. घाई करू नका."

"आणि लेकीला काय सांगू हो?"

"तिला बघायला आलेय म्हणा. पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल."

दोघं बोलत राहिले. अस्वलीण सरकत सरकत पुढे झाली. बोलता बोलता ती एकदा हसली आणि एकदा रडली, दोन्ही वेळा वैद्यबुवांकडे बघून. उठताना तिनं करवंदांचा द्रोण त्यांच्या पायाशी ठेवला. म्हातारा करकोचा गोंधळला, मग त्यानं चोचीनं एक करवंद उचललं. घाटाच्या वाटेपर्यंत सोडायला तो तिच्यासोबत निघाला. अस्वलिणीच्या सावलीत साळूबाई टुणटुण उड्या मारत, दोघांचे शब्द एकमेकांना पोचवत मागून चालली होती.

सावरीवरून एका बुलबुलानं मान लांब करून पाहिलं. "अगं बाई! वैद्यबुवांना डोंगरची भाषा कधीपासून यायला लागली?"

धनेश फांदीवर जरासा सरकला, आणि शेजारी एका साळुंकीपुरती जागा झाली.