डाव्या हाताचा प्रसाद

सद्गुरू अवजीनाथ महाराज कादवा नदीच्या काठी बेलझिरे गावी आले तेव्हा त्यांचे वय झाले होते आणि पाय सुजले होते. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर ते टेकले आणि पुढे दोन वर्षे तिथेच राहिले. कुणी विचारले, "महाराज, आमच्याच गावात का थांबलात?" तर म्हणत, "दमलो बाबा. तुमचा पार बरा वाटला." केवढे साधे उत्तर!

महाराजांचा उजवा हात निकामी होता. तरुणपणी एका गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीत तोल जाणारे मूल त्यांनी ओढून काढले, तेव्हा तो हात पोळला आणि बोटे मिटली ती मिटलीच. तेव्हापासून जप, जेवण, आशीर्वाद, प्रसाद, सारे डाव्या हाताने. भक्तांना त्याचे काही वाटत नसे. वाटत असे ते नारोशास्त्री वैद्यांना.

बेलझिऱ्याची ओळख म्हणजे वैद्यांचा द्राक्षमळा. नदीकडच्या काळ्या मातीत द्राक्ष फुगे, पण पाणचट लागे. वरच्या खडकाळ अंगाला वेल तगत नसे. या दोहोंच्या मध्ये, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, मुरूम आणि चुनखडीची एक अरुंद पट्टी होती. साठ-सत्तर वेल, पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेले. तिथले द्राक्ष लहान, जाड सालीचे, आणि गोडी संपता संपता जिभेवर किंचित तुरट. वैद्यांचे द्राक्षासव निघे ते फक्त या मधल्या पट्टीतून. रस काढ्यासह माठात भरून, तोंड लिंपून, माठ धान्याच्या राशीत पुरून ठेवत. लांबच्या तापातून उठलेली माणसे, बाळंतपणात खचलेल्या बायका, अन्न नकोसे झालेले म्हातारे यांच्या घरून त्या आसवासाठी लांबून लांबून माणूस येई. बांधापलीकडच्या द्राक्षांचे आसव एकदा घालून पाहिले होते. ते सरळ आंबून गेले.

नारोशास्त्री दर दसऱ्याला त्या पट्टीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "पणजोबांनी नऊ शेतांची माती चाखून ही निवडली. आमच्या मातीला कुण्या बाबाच्या आशीर्वादाची गरज नाही."

या पट्टीवर राबत असे हौसा. वय बावीस-तेवीस. नवरा आगीनगाडीच्या रुळांवर खडी फोडायला गेला तो दोन पावसाळे परतला नव्हता. पदरी दीड वर्षाची बनू, जन्मापासून नाजूक. रात्री तिचा श्वास नीट चालला आहे ना हे पाहायला हौसा तिच्या नाकाशी बोट धरून बसे. मळ्यातल्या खोपटात दोघी राहत. पहाटे कामावर जाताना पारावर डोके टेकवायचे, एवढीच तिची भक्ती. तेवढ्यालाही तिला पुरता वेळ नसे.

त्या दसऱ्याला महाराजांनी सर्वांना मनुका वाटल्या. शास्त्री सोने द्यायला देवळात आले होते. महाराजांनी त्यांच्यापुढेही हात केला, डावा.

शास्त्री मागे सरले. "डाव्या हाताचा प्रसाद आमच्या घराण्यात चालत नाही." मग हौसेकडे वळून म्हणाले, "घे गं, तू खा. तुझ्या पोरीचा खोकला पळून जाईल. माझं औषध कशाला हवं तुला!"

लोक हसले. हौसेने मान खाली घातली. महाराजांनी हात शांतपणे मागे घेतला. "राहू द्या, शास्त्रीबुवा. लागेल तेव्हा मागा."

दसरा सरला आणि मळ्यात गोडी छाटणी सुरू झाली. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. काडीवर जिथून कोंब फुटतो त्या उंचवट्याला डोळा म्हणतात. उन्हाळ्यात काडी दोन डोळ्यांवर कापायची; त्यातून नुसती पाने येतात. दसऱ्यानंतर मात्र सहा डोळे मोजायचे आणि सहाव्याच्या वर कापायचे, कारण घड धरतो तो वरच्या डोळ्यांना. इथे दोन डोळ्यांवर कापले की वर्ष बुडाले. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सगळा मळा छाटून झाला, मधली पट्टी राहिली. ती हौसेच्या वाट्याची. नेमका त्याच वेळी बनूला ताप भरला. तीन रात्री हौसेच्या डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या सकाळी पांगाऱ्याला झोळी बांधून तिने बनूला त्यात घातले. झोळीची दोरी एका हातात, कोयती दुसऱ्या हातात. दोन वेल झाले. तिसऱ्या वेलीचे डोळे मोजताना चारच्या पुढे काय येते ते तिला आठवेना. ती पुन्हा एकपासून मोजू लागली आणि पुन्हा चारावर अडकली.

ती खाली बसली. पोरीच्या कपाळाला हात लावला, चटका बसला. "महाराज," ती म्हणाली, "येक घटका माझं येवढं बघा. म्या उठतेच."

आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हे कलली होती. ती दचकून झोळीकडे धावली. बनू घामाने भिजली होती, अंग गार होते, ताप उतरला होता. पोर तोंडात अंगठा घालून शांत निजली होती. हौसेने तिला छातीशी धरले आणि मान वर केली.

पट्टी छाटून झाली होती. सगळीच्या सगळी! वेलींच्या कापांतून पाणी ठिबकत होते. क्षणभर तिला आनंद झाला. मग तिने जवळची काडी हातात घेतली. एक डोळा, दोन डोळे, आणि काप. दुसरी काडी घेतली. दोन डोळे. तिसरी, चौथी, पुढे बांधापर्यंत प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर.

मळ्यात कामाला असलेली कोंडाबाई पाटी घेऊन आली, ती तशीच उभी राहिली. "अगं बया! हौसे, काय केलंस हे? झोपंत छाटलीस का काय?"

"म्हाईत न्हाई, कोंडाकाकू. बसले तेवढं ठावं हाय. हात चालत ऱ्हायला आसंल."

"चांगलाच चालला की गं! वैद्यबुवा आता तुझे बी दोन डोळं ठिवायचे न्हाईत."

नारोशास्त्री आले. त्यांनी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. चेहरा पांढरा पडला.

"चार पिढ्यांची पट्टी," ते हळू म्हणाले. मग आवाज चढला. "तोंडाने महाराज महाराज आणि हाताने माझा सत्यानाश! जा, विचार तुझ्या डावखुऱ्या बाबाला, दोन डोळ्यांवर घड कुठल्या देशात धरतात ते! माघी पौर्णिमेपर्यंत पट्टीला घड दिसला नाही, तर पोरीला उचलायचं आणि खोपटं रिकामं करायचं."

भर थंडीत नाजूक पोर घेऊन कुठे जायचे? माहेरी कुणी उरले नव्हते. हौसा तडक पारावर गेली. तिथे लोक हसत होते. महाराज सकाळपासून डोळे मिटून बसले होते. कुणी हार घातला, कुणी हाका मारल्या, पण ते हलले नाहीत. उन्हे कलली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, दोन तांबे पाणी एका दमात प्यायले आणि म्हणाले, "आज फार दमलो." बसून बसून महाराज दमले म्हणून सगळ्यांना गंमत वाटत होती.

हौसेला गंमत वाटली नाही. ती पायरीवर बसली आणि तिला रडूसुद्धा येईना. "महाराज, म्या तुमास्नी बघा म्हनले व्हते."

"बघितलं की, बाई. पोरीचा ताप उतरला ना?"

"ताप उतरला. पर बाग गेली. आता ही पोर घिऊन मी जाऊ कुठं?"

"झोप लागली होती का तुला?"

"लागली, तीच तर चूक झाली!"

"चूक कसली? तीन रात्री जागलीस. वेलीही दमतात गं. त्यांनाही थोडं निजू दे." महाराजांनी डाव्या हाताने दोन मनुका तिच्या ओंजळीत टाकल्या. तिने त्या बनूच्या तोंडाला लावल्या आणि उठली. खरे सांगायचे तर त्या दिवशी ती रागावूनच गेली. महाराजांनी तिला तसेच जाऊ दिले.

महिना गेला, दीड महिना गेला. सगळा मळा हिरवा झाला, वेलींना बारीक फुलोरा लागला. मधली पट्टी मात्र, पहिल्या दोन वेली सोडल्या तर, उघडी. हौसा रोज खुरपणी करताना काड्यांवरून बोट फिरवी आणि डोळे मिटलेलेच पाही. "तुझ्या पट्टीची एकादशी अजून सुटली न्हाई व्हय?" बायका जाता जाता म्हणत. तिने आपली लुगडी आणि बनूची फडकी एका गाठोड्यात बांधून ठेवली.

मार्गशीर्षात एका दुपारी आभाळ उत्तरेकडून काळे झाले आणि गारा पडू लागल्या. बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. हौसा बनूला पोटाशी घेऊन, पाठ वर करून खोपटात वाकून बसली. पाव घटका, जास्त नाही. बाहेर आली तर फुलोऱ्याचा चिखल झाला होता. कोवळे फुटवे मोडून लोंबत होते. नदीकाठपासून वरच्या बांधापर्यंत एक फूल शिल्लक नव्हते. शास्त्री बांधावर बसले होते, डोक्यावर पागोटे नव्हते. त्या सकाळीच तीन गावांची माणसे आसव सांगून गेली होती.

त्या दोन वेली सोडल्या तर मधल्या पट्टीत झडायला काही नव्हतेच. आठव्या दिवशी हौसा खुरपायला गेली, काडीवरून बोट फिरवले आणि ते तिथेच थांबले. डोळा फुगला होता. चार दिवसांत कोंब आला, कोंबाला पान आले, आणि पानाच्या समोर मोहरीच्या दाण्यांएवढ्या कळ्यांचा घड! पहिल्या डोळ्याला एक, दुसऱ्याला एक. शेजारच्या काडीला तसेच. बांधापर्यंत तसेच! ज्या डोळ्यांतून नुसती पाने यायची त्यांतून पट्टी घडांनी भरली.

कोंडाबाईने आरडाओरडा करून शास्त्रींना आणले. ते गुडघे टेकून बसले. बोटांनी डोळे मोजले, पुन्हा मोजले. "सहा डोळ्यांवर कापली असती," ते स्वतःशीच म्हणाले, "तर हीही गारांआधीच फुलावर आली असती. आणि गेली असती."

मग काडीचा जुना काप त्यांनी डोळ्यांजवळ नेला. प्रत्येक छाटणाऱ्याच्या कापाचा उतार वेगळा असतो आणि आपल्या मळ्यातला प्रत्येक हात त्यांना ओळखू येई.

"हौसे, कोयती घे. ही वाळकी काडी काप."

तिने कापली.

"आणखी एक काप."

तिने कापली. दोन्ही कापांचा उतार एका बाजूला. आणि पट्टीतल्या जवळजवळ प्रत्येक काडीचा उतार उलट बाजूला. फक्त पहिल्या दोन वेली हौसेच्या हाताच्या, आणि त्या नियमाप्रमाणे सहा डोळ्यांवर कापलेल्या. त्या दोन्ही गारांनी झोडपल्या होत्या.

"मळ्यात डावखुरं कोण आहे?" शास्त्रींनी विचारले.

"कुनी न्हाई, शास्त्रीबुवा," कोंडाबाई म्हणाली.

शास्त्री उठले आणि अनवाणीच पारावर गेले. महाराज पाय पसरून बसले होते, सुजलेल्या घोट्यांना कुणीतरी तेल लावत होते. शास्त्री वैद्य होते. त्यांनी आधी महाराजांचा डावा हात हातात घेतला, नाडी पाहावी तसा. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे कोयतीची मूठ घासते तिथे, फुटून वाळलेल्या फोडाचा नवा, गुलाबी वण होता.

"महाराज, हे कशानं झालं?"

"बसून बसून झालं," महाराज हसले. "सवय राहिली नाही हो आता. साठ-सत्तर वेल म्हणजे काय थोडे का?"

ज्या मातीचा एवढा गर्व केला, ती राखायला हा म्हातारा सुजलेल्या पायांनी दिवसभर उभा राहिला! शास्त्रींनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि कितीतरी वेळ उचलले नाही.

"दसऱ्याला म्हणाला होतात, लागेल तेव्हा मागा," ते म्हणाले. "आता मागतो."

महाराजांनी डाव्या हाताने मनुका त्यांच्या उजव्या हातात ठेवल्या.

"प्रायश्चित्त सांगा, महाराज."

"मला काय विचारता? हौसेला खोपटातून काढणार होतात ना? ते आता तिच्याच नावावर असू द्या. आणि छाटणी असो की खुरपणी, लेकुरवाळीला दुपारची एक घटका निजू द्या. तेवढ्या वेळात झोळी कुणीतरी हलवावी. मला आता नाही झेपत."

शास्त्री मळ्यात परतले. पांगाऱ्याखाली हौसा बांधाला डोके टेकून निजली होती, कितीतरी दिवसांनी तोंड किंचित उघडे ठेवून, निर्धास्त. झोळीत बनू चुळबुळ करू लागली होती. कोंडाबाईने हौसेला हाक मारायला तोंड उघडले, तसे शास्त्रींनी ओठांवर बोट ठेवले. ते खाली बसले. उजव्या मुठीत प्रसाद होता, म्हणून त्यांनी दोरी डाव्या हाताने धरली आणि झोळी हलवू लागले.

ही कथा वाचता वाचता ज्या माउलीचे डोळे जड झाले असतील, तिला आज तशी एक घटका मिळो. अवजीनाथ महाराजांच्या चरणी एवढेच मागणे.